सगळ्याच ताई

द्रौपदीबाईच्या बाजूनं पाहिलं तर सौदा फायद्याचा होता. घ्यायच्या रकान्यात पहिली खुर्ची. शेडाच्या कोपऱ्यात सिमेंटचा चौथरा, त्यावर टेबल, डोक्यावर पंखा आणि सुपरवायझरची खुर्ची. आजवर पट्ट्याच्या टोकाशी उभं राहून गुडघ्यांची वाट लागली होती; जे काही शिल्लक होतं ते त्या खुर्चीवर टिकलं असतं. मग कार्ड. पक्क्या माणसाला कंपनी दवाखान्याचं कार्ड देते, त्यावर नवऱ्याचंही नाव चढतं. द्रौपदीबाईचा नवरा मधुकर भिंतीला पाठ लावून बसून झोपायचा, कारण आडवा झाला की त्याचा श्वास अडायचा. आणखी एक गोष्ट होती, ती बाई कुणाला सांगत नव्हती: शेडाचा मॅनेजर असलेल्या ज्या सुबोध साहेबानं तिला आजवर दारातच उभं ठेवून बोलणी केली, तोच तिला सगळ्या बायकांदेखत "बसा" म्हणणार होता.

द्यायच्या रकान्यात एकच बाब होती. तोंड.

आता हे तोंड कसं होतं ते सांगायला हवं. कांजूरमार्गला हायवेच्या मागं पत्र्याचं लांबडं शेड आहे. सोसायट्यांतला सुका कचरा टेम्पोनं तिथं येतो, पट्ट्यावर पडतो आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका तो पळता पळता वेचतात. कुणी बाटल्या, कुणी दुधाच्या पिशव्या, कुणी पुठ्ठा, कुणी नुसतं थर्माकोल. खाली पट्ट्याचा खडखडाट, वर उन्हानं तडतडणारा पत्रा, बाहेर टेम्पोचे हॉर्न. या सगळ्यातून पलीकडच्या टोकाला पोचणारी एकच वस्तू शेडात होती, ती म्हणजे मुकादम द्रौपदीबाईचा आवाज. आणि तो रिकामा कधी जायचा नाही. प्रत्येकीच्या नावानं वेगळी शिवी काढलेली होती. रत्नप्रभा म्हणजे म्हैस. सून नीलम बारावी शिकलेली, ती महाराणी. कोकणातली सोनूबाई मान पुढं काढून काढून वेचायची, ती कोंबडी. "ए कोंबडे, काच हाय तिथं, मुडद्ये!" एवढं ऐकू आलं की सोनूबाईचा हात जिथल्या तिथं थांबायचा. बाकीच्यांचे हात चालूच राहायचे. हाक आपली नाही हे त्यांना कळायचं, आणि आपली असली तर डबा खातानाही कळलं असतं.

दिवाळीच्या आधी शेड बघायला पाहुणे आले होते. वरच्या कंपनीचे, ज्यांच्या पैशावर हे शेड चालवणारी संस्था चालते ते. त्यांनी हे तोंड ऐकलं. त्यातल्या एका बाईंनी मराठी येत नसताना ओळखलं की हे बरं नाही.

मग वैशाखात सुबोध साहेबानं द्रौपदीबाईला बोलावलं.

"द्रौपदीबाई, कामात तुमचा हात कोण धरणार? पण सुपरवायझर म्हणून नाव पाठवायचं तर बोलण्याचं बघावं लागेल."

"काय बघायचं त्यात?"

"अंधेरीला ट्रेनिंग आहे. अनुपमा मॅडम घेतात. जाऊन या. गाडीभाडं आम्ही देऊ."

"आणि जाळीचं काय झालं, साहेब?"

जाळी म्हणजे पट्ट्याच्या शेवटच्या रोलरवरचं झाकण. खोकी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या त्या रोलरला गुंडाळायच्या, त्या काढायला दर वेळी पाना आणून जाळी खोलावी लागायची. एकदा खोललेली ती भिंतीला टेकवून ठेवली, ती तिथंच होती. आता तिच्यावर बायका ओल्या ओढण्या वाळत घालत.

"मेंटेनन्सला सांगितलंय," साहेब म्हणाला. "तुम्ही ट्रेनिंगचं बघा."

अंधेरीच्या त्या थंडगार खोलीत ठिकठिकाणच्या शेडांतल्या मुकादमिणी बसल्या होत्या. प्रत्येकीनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला. अनुपमा मॅडम वाईट बाई नव्हती. स्वतः उठून सगळ्यांना चहा देत होती, आणि विचारलेलं नाव विसरत नव्हती.

"वडापाव सगळ्यांना माहितीय ना?" तिनं विचारलं. "वर पाव, मध्ये वडा, खाली पाव. तिखट जे बोलायचंय तो वडा. तो कधी नुसता हातावर ठेवायचा नाही. आधी एक कौतुक, मग मुद्दा, मग पुन्हा कौतुक."

"आन् घाई असली तर?" द्रौपदीबाईनं विचारलं.

सगळ्या हसल्या. मॅडमही हसली. "घाईतच तर माणूस कळतं, ताई. समोर कोण आहे ते बघून आपलं बोलणं बदलायचं. एक लाजाळू असते, एक रागीट असते, एकीला दोनदा सांगावं लागतं. सगळ्यांना एकच भाषा चालत नाही."

"ते तर मी करतेच की. म्हशीला येगळं, कोंबडीला येगळं."

या वेळी मॅडम हसली नाही. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला कुणी तसं म्हटलेलं आवडेल?"

द्रौपदीबाईकडे उत्तर होतं, पण ते त्या खोलीत देण्यासारखं नव्हतं. शिवाय खुर्ची डोळ्यांसमोर होती. ती म्हणाली, "नाय."

विक्रोळीच्या डोंगरावरची खोली म्हणजे एक मोरी, एक माळा आणि एक खिडकी. मुलगा भिवंडीला टेम्पोवर, रविवारी यायचा. बाकी दिवस सासू, सून आणि मधुकरचा खोकला. संध्याकाळी भाकरी करता करता नीलम सासूची उजळणी घ्यायला लागली. तिला मनापासून आनंद झाला होता.

"आत्या, आधी 'तुम्ही' म्हणा. मग पुढचं."

"तुला तुम्ही? उद्या तू माझ्या डोक्यावर बसशील."

"मला नका म्हणू. बापूंना म्हणून बघा."

द्रौपदीबाईनं मधुकरकडे तोंड फिरवलं, घसा साफ केला. "मधुकरराव, तुमी काल औषध येळेवर घेतलं, ते मला लई आवडलं. पन बिडी वढली, ते नाय आवडलं. तरी पन तुमी मानूस चांगले."

मधुकर इतका हसला की त्याला धाप लागली. नीलमनं पाठ चोळली तेव्हा कुठं तो ताळ्यावर आला. डोळे पुसत म्हणाला, "हे असं बोलायला लागली तर मला वाटेल मी चाललो वर."

"हसा," नीलम म्हणाली. पण तिचा चेहरा हसरा नव्हता. "आपल्या आज्या-पणज्यांना गावात कुणी सरळ नावानं हाक मारली नाही. ते ऐकून ऐकून लोक मुंबईला आले. इथं येऊन आपणच आपल्या बायकांना म्हैस म्हणायचं?"

 द्रौपदीबाईनं तवा उतरवला, भाकरी निखाऱ्यासारख्या लाल बर्नरवर उलटी टाकली, आणि ती फुगेपर्यंत बघत राहिली. सुनेचं खरं होतं. खरं असलेलं सुनेच्या तोंडून ऐकणं हा वेगळा खर्च असतो.

ट्रेनिंग संपलं, साहेबानं सही केली आणि खुर्ची मिळाली; कार्ड मागाहून, महिनाअखेरीला येणार होतं. पहिल्या दिवशी शेडात घबराट झाली. द्रौपदीबाई चौथऱ्यावरून उतरून रत्नप्रभाजवळ गेली आणि म्हणाली, "रत्नप्रभाताई, तुमच्या हाताला लई वेग हाय. फकस्त दुधाच्या पिशव्या बाटल्यांत जातात. पन वेग लई चांगला."

रत्नप्रभाचा रंगच उडाला. डब्याच्या सुट्टीत ती नीलमला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "माझं नाव काढलं काय गं? खरं सांग. साहेबानं सांगितलं ना?" तिचंही चुकलं नव्हतं. त्या शेडात आजवर अहो-जाहो एकदाच व्हायचं, ज्या दिवशी साहेब एखादीला उद्यापासून येऊ नका म्हणायचा त्या दिवशी.

दोन-चार दिवसांत भीती गेली आणि थट्टा सुरू झाली. "अहो ताई, पाणी द्या हो ताई." "घ्या ताई. सावकाश प्या ताई." पट्ट्याच्या या बाजूनं त्या बाजूला नुसत्या ताया उडत होत्या. द्रौपदीबाई खुर्चीत बसून ऐकायची आणि ओठ आवळायची. जिभेला काम नसलं की ती दातांत फिरते, तशी तिची दिवसभर फिरायची.

खुश होती ती एकटी सोनूबाई. ती पन्नाशी ओलांडलेली, विधवा, नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हापासून शेडात. एकदा संध्याकाळी हातमोजे झटकताना ती चौथऱ्यापाशी थांबली.

"गो, परत एकदा म्हण."

"काय?"

"सोनूताई म्हण. माका आजपर्यंत कोणी ताई म्हणूक नाय. भाव नाय माका, भैण नाय. घोव 'अगो' म्हणायचो, सासू 'मेल्ये' म्हणायची. आणि तू कोंबडी."

"आता म्हनते ना? जा आता घरी, ताई."

सोनूबाई मान पुढं काढून हसली. तिची मुलगी दर्शना घाटकोपरला नर्सिंगचा कोर्स करत होती. त्या दिवशी घरी जाऊन सोनूबाईनं लेकीला सांगितलं की शेडात आता माणसासारखं बोलतात. हे पुढं दर्शनानंच सांगितलं, म्हणून कळलं.

द्रौपदीबाईलाही गोड लागलं नाही असं नाही. पण चौथऱ्यावरून तिला एक गोष्ट खटकत होती. पूर्वी ती पट्ट्याच्या टोकाशी उभी असायची, पट्टा थांबवायचं लाल बटण हाताच्या अंतरावर. आता टेबल इकडं, बटण तिकडं. मधे ढीग, टोपल्या आणि बायकांच्या पाठी. तिनं सुबोध साहेबाला सांगितलंही. साहेब म्हणाला, "सुपरवायझर बटण दाबत नाही, द्रौपदीबाई. सुपरवायझर सांगतो."

पाहुणे पुन्हा यायचे ठरले. शेड धुतलं गेलं. जाळीवरच्या ओढण्या काढल्या, जाळी मात्र भिंतीलाच राहिली. कुणीतरी तिच्यापुढं फुलझाडाची कुंडी ठेवली. बायकांना नवे हिरवे ॲप्रन मिळाले. ॲप्रन सगळे एकाच मापाचे, त्यामुळे सोनूबाईच्या ॲप्रनचे बंद दोन वेढे घेऊनही लोंबत होते.

सकाळपासून हवा नव्हती. खाडीकडून डम्पिंग ग्राउंडचा वास येऊन शेडात बसून राहिला होता, आणि पाहुणे रुमाल नाकाशी नेऊन, पुन्हा सभ्यपणानं खाली घेत होते. अनुपमा मॅडम त्यांना समजावत होती. सुबोध साहेब मागं हात बांधून. द्रौपदीबाई खुर्चीतून उठून चौथऱ्याच्या कडेला उभी. एक पाहुणा मोबाइलवर शूटिंग घेत होता आणि मोबाइल तिच्याकडंच वळलेला होता.

तेवढ्यात पट्टा अडखळल्यासारखा झाला. शेवटच्या रोलरला प्लास्टिकची पट्टी गुंडाळली होती. रोजचंच. रोज अशा वेळी बटण दाबायचं, पट्टी कापायची, पुन्हा चालू. पण पाहुणे असताना पट्टा बंद पडायला नको, हे साहेबानं सकाळी दोनदा बजावलं होतं. टोकाला सोनूबाई होती. तिनं पट्टा चालू असतानाच पट्टीचं टोक धरलं आणि ओढायला लागली. तिच्या ॲप्रनचा बंद रोलरवर टेकला होता. तिला ते दिसत नव्हतं. द्रौपदीबाईला दिसलं.

"ताई!" ती ओरडली. "ताई, हात काढून घ्या!"

पट्ट्याकाठची सगळी डोकी वर झाली. रत्नप्रभानं हात वर घेतला. नीलमनं घेतला. पलीकडच्या दोघी एकमेकींकडं बघून हसल्या, कोणती ताई गं? सोनूबाईनंही मान वर केली, द्रौपदीबाईकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. बाकीच्या हात काढत होत्या, म्हणजे हाक त्यांना असणार.

कोंबडे. द्रौपदीबाईच्या दातांपाशी शब्द आला होता. पोटातून निघून, घशातून सुटून, दातांपाशी. समोर मोबाइल होता. अनुपमा मॅडम हसऱ्या चेहऱ्यानं तिच्याकडं बघत होती, शिकवलेलं पोर फळ्यापाशी गेल्यावर मास्तरीण बघते तशी. बाईनं शब्द गिळला.

"सोनूताई, मी काय म्हनते," ती म्हणाली.

ते वाक्य पुरं झालं नाही. बंद आत गेला, त्यानं सोनूबाईला ओढलं, बंदामागं हात गेला. बटण नीलमनं दाबलं. ती तिथंवर धावत कशी पोचली ते तिलाही नंतर सांगता आलं नाही.

उजव्या हाताची तीन बोटं. अंगठा आणि करंगळी राहिली. दवाखान्यात नेताना टेम्पोत सोनूबाई शुद्धीवर होती. ती रडत नव्हती. "ॲप्रन नवो होतो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

चौकशी झाली. वरच्या ऑफिसातून एक चष्मेवाले गृहस्थ आले. टेबलाच्या एका बाजूला ते, सुबोध साहेब आणि अनुपमा मॅडम, समोर खुर्ची. सुबोध साहेब उठून म्हणाला, "बसा, द्रौपदीबाई." ती बसली. हे बघायला दारात कुणी नव्हतं.

"तुम्ही सूचना दिली होती?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"दिली होती."

"काय म्हणालात?"

"ताई, हात काढून घ्या."

"व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतंय," सुबोध साहेब म्हणाला. "बाकीच्यांनी पाळलीसुद्धा सूचना. एकीनंच नाही पाळली."

चष्मेवाल्यांनी मान डोलावली. "सुरक्षेच्या बाबतीत आणखी काही सांगायचंय तुम्हाला? मोकळेपणानं बोला."

आता इथं बाईच्या मनात दोन रकाने उघडले. जाळीचं बोललं तर साहेब पडतो. साहेब पडला तर ज्याच्या सहीनं खुर्ची आली तो गेला. खुर्ची जाते, आणि महिनाअखेरीला येणारं कार्ड येत नाही. मधुकर भिंतीला टेकून बसलेला दिसला. नाही बोललं, तर काय? सोनूबाईची बोटं काही परत उगवणार नव्हती, बोललं तरी.

तिनं पदर सारखा केला. आणि जे बोलली ते अंधेरीच्या खोलीतही इतकं नीट कधी जमलं नव्हतं.

"सोनूताई कामाला फार चांगल्या आहेत. त्या दिवशी त्यांचं जरा लक्ष नव्हतं. पण कामाला फार चांगल्या."

वर पाव, मध्ये वडा, खाली पाव. अनुपमा मॅडमनं मान खाली घातली आणि पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. आपलंच शिकवणं तिनं ओळखलं होतं. तीही जाळीचं बोलली नाही. तिला कदाचित ठाऊकच नसेल. कुंडी फार छान होती.

संध्याकाळी घरी नीलमनं ताट वाढलं आणि उभी राहिली.

"जाळीचं सांगितलं?"

"तसं विचारलं नाय कुनी."

"न विचारता बोलायचा तुम्ही, आत्या. पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं."

"तुलाच पायजे होतं ना मी नीट बोलावं?"

"नीट बोला म्हटलं होतं. गप बसा नव्हतं म्हटलं."

मधुकर भिंतीला टेकून दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. त्याला बोलायचं होतं, पण श्वास पुरत नव्हता. शेवटी हातानंच खुणावलं, जेवा. नीलम जेवली नाही. माळ्यावर चढून गेली. द्रौपदीबाई जेवली. कालवण आळणी होतं, आणि त्याबद्दल तिनं कुणाला काही म्हटलं नाही.

काही दिवसांनी सुबोध साहेबानं तिला बोलावलं. खुर्ची दाखवली, चहा मागवला.

"सोनूबाईंच्या घरी एकदा जाऊन या. कोणीतरी त्यांना युनियनवाल्यांकडे पाठवतंय असं कानावर आलंय. केस झाली तर शेड बंद पडेल. मग सगळ्यांचंच नुकसान."

"मी काय सांगू?"

"त्यांच्या जागेवर मुलीला घेऊ. उद्यापासून. फक्त एक कागद सही करून द्यायचा, की पुढं काही मागणं नाही. तुम्ही सांगा. तुमचं आता ऐकतात लोक."

सोनूबाईची चाळ रुळांच्या कडेला होती. गाडी गेली की भांडी हलायची आणि बोलणारा माणूस आपोआप थांबायचा. द्रौपदीबाई दारात उभी राहिली तेव्हा सोनूबाई खाटेवर, हात पांढऱ्या गुंडाळीत छातीशी धरून बसली होती. दर्शना पुस्तकं आवरत होती. सडपातळ पोर, कॉलेजचं ओळखपत्र अजून गळ्यात.

"या, बसा," सोनूबाई म्हणाली. "दर्शना, मॅडमांका पाणी दी."

इतक्या वर्षांत सोनूबाईनं तिला अहो-जाहो केलं नव्हतं. द्रौपदीबाई खाटेच्या कडेला बसली. पाणी घेतलं.

"दुखतंय का?"

"नसलेली बोटां खाजतत. खाजवूक जातंय, तर थंय काय नाय."

गाडी गेली. दोघी थांबल्या. मग द्रौपदीबाईनं सुरुवात केली. आधी सोनूबाईचा हात किती चलाख होता ते सांगितलं. मग शेड बंद पडलं तर किती घरं उघड्यावर येतील ते. मग दर्शनाची जागा, उद्यापासून, पक्की. मग पुन्हा सोनूबाईचं कौतुक. आवाज चढला नाही, शब्द अडखळला नाही. समोर कोण आहे ते बघून ती बोलत होती: ज्या बाईला उभ्या आयुष्यात कुणी ताई म्हटलं नव्हतं, तिच्याशी वाक्यागणिक ताई म्हणून. सोनूबाई मान पुढं न काढता ऐकत होती.

"माका ऐकाक इली होती तुझी हाक," ती मधेच म्हणाली. अहो-जाहो तिच्या तोंडातून गळून गेलं. "माका वाटला, दुसऱ्या कोणाक. ताई सगळीच हत."

द्रौपदीबाईनं पाण्याचा पेला जमिनीवर ठेवला. आता बोलायची ती वेळ होती. माझ्या तोंडात तुझं नाव आलं होतं, मी गिळलं. जाळी भिंतीला होती, मी गप बसले. दोनच वाक्यं, आणि दोन्ही तिच्या जुन्या तोंडाला सोपी.

"ते मी साहेबांना सांगितलं," ती म्हणाली, "की तुमची चूक नव्हती, लक्ष नव्हतं फक्त."

दर्शना दाराशी उभी होती. "कोर्सचं शेवटचं वर्ष आहे माझं," ती म्हणाली. हे तिनं कुणाकडं बघून म्हटलं ते कळलं नाही.

"कोर्स काय, पुढंही होतो, बाळा. तू हुशार आहेस."

"आई, तू नको सही करूस."

"कशान करू, बाय?" सोनूबाई म्हणाली आणि गुंडाळलेला हात थोडा वर केला. मग डाव्या हाताचा अंगठा पुढं केला. शाईची डबी साहेबानं द्रौपदीबाईच्या पिशवीत आधीच घातली होती. तिनंच तो अंगठा धरून टेकवला, आणि आपल्या पदरानं पुसला.

दुसऱ्या दिवशी दर्शना पट्ट्याच्या टोकाशी उभी राहिली. ॲप्रनचे बंद तिनं कापून टाकले होते आणि कमरेला दोरी बांधली होती. हातमोजे आईचे. द्रौपदीबाई चौथऱ्यावरून उतरून तिच्याजवळ गेली.

"तुला काय म्हनू गं मी? दर्शनाताई म्हनू?"

दर्शनानं एक बाटली उचलली, झाकण पिळून काढलं, दोन्ही वेगवेगळ्या टोपल्यांत टाकलं. "काहीही म्हणा. ऐकू येईल असं म्हणा."

नीलम त्या आठवड्यातच शेड सोडून घाटकोपरला औषधाच्या दुकानात लागली. जाताना सासूच्या पाया पडली, तेही नीट, वाकून.

तर शेवटचा हिशेब असा. रोलरवर जाळी बसली. तिच्याशेजारी उभं राहून सुबोध साहेबानं फोटो काढला आणि पुढं तो मुलुंडच्या मोठ्या शेडावर गेला. अनुपमा मॅडमच्या वर्गात तो व्हिडिओ दाखवतात, हाक मारेपर्यंतचाच. त्यातला आवाज आदर्श आहे असं सांगतात. द्रौपदीबाईची खुर्ची राहिली, गुडघे राहिले, कार्ड आलं; मधुकरला दवाखान्यात ठेवलं, नळी लावली, आणि आता तो आडवा होऊन झोपतो. तिच्याशी शेडात सगळ्या अदबीनं बोलतात आणि डबा खाताना तिच्यासाठी जागा ठेवत नाहीत. सोनूबाईनं बोटं दिली. बाकीचं सगळं दर्शना भरते आहे, रोज सकाळी आठपासून, आणि त्या दिवशी शेडात कोण काय ओरडलं आणि कोण काय गिळून बसलं, ते ऐकायला ती तिथं नव्हतीसुद्धा. ती घाटकोपरला होती, वर्गात, पट्टी कशी बांधायची ते शिकत.